फोटोशॉप, गिम्प की फोटोपी? आपल्याच कामावर पारखून कसं निवडाल

"फोटो एडिट करायला सगळ्यात सोपं काय?" असं विचारलं की प्रत्येक जण स्वतः वापरतो त्याचं नाव सांगतो. फ्लेक्सवाला कोरलड्रॉ आणि फोटोशॉप म्हणेल, लिनक्सवाला मित्र गिम्प म्हणेल, कॉलेजात जाणारी भाची तयार नमुने देणारं कॅनव्हा म्हणेल. यात कुणी फसवत नसतं. बोटांना सवय झाली की काहीही सोपंच वाटतं.

शिवाय सोपेपणा दोन तऱ्हेचा असतो. एक पहिल्या तासातला: उघडलं, चार बटणं दाबली, काम झालं. दुसरा महिन्याभरानंतरचा: नवीन काम आलं आणि व्हिडिओ न शोधता ते आपलं आपल्याला जमलं. पहिल्यात कॅनव्हा सगळ्यांच्या पुढे आहे. दुसऱ्यात तोच लवकर भिंतीला टेकतो. गिम्पचं नेमकं उलटं. म्हणून कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये किती फिल्टर आहेत याचे तक्ते वाचण्यात वेळ घालवू नका. आपलीच तीन कामं घ्या, ती दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये करून बघा आणि मग ठरवा. ते कसं करायचं, हे पुढे सांगतो.

रांगेत कोण कोण आहे

फोटोशॉप 1990 साली थॉमस आणि जॉन नॉल या भावांच्या कामातून आलं. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, आले, आणि तेव्हापासून या क्षेत्राची बोलीभाषा फोटोशॉपच ठरवतं. लेअर, मास्क, लेव्हल्स, हीलिंग हे शब्द बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही जवळपास याच नावांनी भेटतात. 2013 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतात.

गिम्पची सुरुवात 1995 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी केली. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मार्च 2025 मध्ये त्याची 3.0 ही मोठी आवृत्ती आली. जुना व्हिडिओ बघून जुनंच गिम्प डाउनलोड करू नका, फरक बराच आहे.

फोटोपी ब्राउझरमध्ये उघडतं. इव्हान कुत्स्किर या प्रोग्रामरनं ते बनवलं आहे. बाजूला जाहिराती दिसतात, पण वापर फुकट. चेहरामोहरा बराचसा फोटोशॉपसारखा आहे आणि तुमची फाइल इंटरनेटवर चढत नाही, तिच्यावरचं काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं.

पेंट डॉट नेट फक्त विंडोजवर चालतं, हलकं आणि सरळ आहे. क्रिता मुख्यतः चित्र काढणाऱ्यांसाठी आहे. फोटोवर काम होतं, पण त्याचा जीव तिथे नाही. अ‍ॅफिनिटी आधी विकत घ्यावं लागायचं. 2024 मध्ये कॅनव्हानं ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ते कॅनव्हाच्या खात्यावर फुकट केलं. फोनवर स्नॅपसीड आहे, 2012 पासून गूगलचं.

यातले जास्तीत जास्त तीन निवडा. जुना, कमी मेमरीचा लॅपटॉप असेल तर फोटोपी आणि पेंट डॉट नेट. पुढे या कामातून चार पैसे मिळवायचे असतील तर फोटोशॉपची सात दिवसांची चाचणी आणि सोबत गिम्प. सगळं फोनवरच करायचं असेल तर स्नॅपसीड घ्या आणि खालचं दुसरं काम तेवढं करून बघा.

चाचणीची तयारी

एक फोल्डर करा. त्यात तीन मूळ फाइल ठेवा: स्वतःचा साध्या भिंतीसमोर काढलेला फोटो, घरातल्या एखाद्या जुन्या पिवळट फोटोचं स्कॅन, आणि एखाद्या माणसाचा कमरेपर्यंतचा फोटो, ज्यात केस थोडे मोकळे असतील. या फाइलना हात लावायचा नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी त्यांची कॉपी घ्यायची.

जवळ एक वही ठेवा. कुठे अडलात आणि कसे सुटलात, एवढंच लिहायचं. "क्रॉप केल्यावर एंटर दाबायचं कळलं नाही" इतकं बारीक लिहिलंत तरी चालेल. घड्याळ लावू नका. वेळेपेक्षा अडलेल्या जागाच जास्त बोलतात.

पहिलं काम: अर्जाचा फोटो

बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो 200 बाय 230 पिक्सेलचा आणि 20 ते 50 केबीच्या दरम्यान लागतो. सही 140 बाय 60 पिक्सेलची, 10 ते 20 केबीची. अर्ज भरण्यापूर्वी चालू सूचना बघाच, पण सरावाला हे माप उत्तम आहे, कारण यात क्रॉप, मापबदल आणि सेव्ह करणं हे तिन्ही येतात.

गिम्पमध्ये क्रॉपचं हत्यार घ्या. त्याच्या पर्यायांत "फिक्स्ड"वर खूण करा, "अ‍ॅस्पेक्ट रेशो" ठेवा आणि खाली 20:23 लिहा. आता चौकट कशीही ओढली तरी प्रमाण बिघडत नाही. चेहरा नीट बसला की एंटर. मग "इमेज" मेनूतून "स्केल इमेज", तिथे 200 आणि 230. शेवटी "फाइल" मेनूतून "एक्स्पोर्ट अ‍ॅज", नावाच्या शेवटी जेपीजी.

इथे नवे लोक हमखास अडतात. गिम्पमध्ये "सेव्ह" केलं की फाइल एक्ससीएफ या त्याच्या स्वतःच्या प्रकारात जाते आणि जेपीजीसाठी एक्स्पोर्टच करावं लागतं. 2012 च्या 2.8 या आवृत्तीपासून हे असंच आहे आणि तेव्हापासून लोक कुरकुरतायत. मला विचाराल तर ही सक्ती चांगली आहे. लेअर असलेली मूळ फाइल आणि बाहेर द्यायची फाइल वेगळी ठेवायची शिस्त आपोआप लागते.

एक्स्पोर्टच्या खिडकीत दर्जाची पट्टी असते. तिथे प्रीव्ह्यूवर खूण केली की फाइल किती केबीची होणार ते दिसतं. बहुतेकांना वाटतं 50 केबीच्या खाली आणणं अवघड जाईल. प्रत्यक्षात 200 बाय 230 चा फोटो इतका लहान असतो की तो बऱ्याचदा 20 केबीच्याही खाली घसरतो आणि अर्ज नाकारतो. तेव्हा दर्जा कमी करायच्या ऐवजी वाढवायचा.

फोटोशॉपमध्ये "एक्स्पोर्ट"खाली "सेव्ह फॉर वेब" आहे. तिथे आकडा कोपऱ्यात दिसतो आणि ठरावीक केबीत फाइल बसवून द्यायचा पर्यायही आहे. फोटोपी आणि पेंट डॉट नेट दोन्हीकडे सेव्ह करतानाच साइज दिसतो. या कामात पेंट डॉट नेट सगळ्यात सरळ चालतं: चौकोन निवडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स दाबून क्रॉप करा, कंट्रोल आणि आर दाबून माप द्या, सेव्ह करा. स्नॅपसीड इथे बाद, कारण त्यात 200 बाय 230 असं नेमकं माप देता येत नाही.

दुसरं काम: जुना फोटो उजळणं

फोटो अल्बममधून काढून स्कॅन करा, 600 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 600 ठिपके. फोनने काढलात तर काचेची नाहीतर ट्यूबलाइटची चमक येते आणि ती पुढे कशानंही जात नाही. फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

उघडल्यावर पहिली गोष्ट, लेअरची कॉपी. फोटोशॉप आणि फोटोपीत कंट्रोल आणि जे. गिम्पमध्ये लेअरच्या पॅनेलखालचं डुप्लिकेटचं बटण.

मग लेव्हल्स उघडा. एक आलेख दिसेल आणि त्याखाली तीन बाण: काळा, करडा, पांढरा. जुन्या फोटोचा आलेख मधेच गोळा झालेला असतो आणि दोन्ही टोकांना मोकळी जागा असते. फोटो फिका दिसतो तो यामुळेच. त्यात खरा काळाही उरलेला नसतो आणि खरा पांढराही. काळा बाण उजवीकडे सरकवत आलेख जिथे सुरू होतो तिथे आणा, पांढरा डावीकडे आणत जिथे संपतो तिथे. एवढ्यानंच फोटोत जीव येतो. पिवळेपणा राहिला तर त्याच खिडकीत वरच्या यादीतून लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनेल घ्या आणि प्रत्येकात हेच करा. पिवळट फोटोत निळ्याचा आलेख सगळ्यात आखूड असतो, तो ताणला की रंग सुधारतो. हात आखडता घ्या. आजीच्या लग्नातला शालू काल खरेदी केल्यासारखा दिसायला नको.

इथे सॉफ्टवेअरमधला खरा फरक कळतो. फोटोशॉप, फोटोपी आणि अ‍ॅफिनिटीमध्ये लेव्हल्स हा वेगळा "अ‍ॅडजस्टमेंट लेअर" म्हणून टाकता येतो. आठवड्यानं वाटलं जास्त झालं, तर त्यावर दोनदा क्लिक करायचं आणि बाण मागे घ्यायचे. जुन्या गिम्पमध्ये हे नव्हतं; एकदा ओके म्हटलं की बदल फोटोत मुरला. 3.0 पासून बहुतेक फिल्टर लेअरला वेगळे चिकटून राहतात आणि नंतर बदलता येतात. पेंट डॉट नेटमध्ये अजून ती सोय नाही. तिथे अनडूवरच भिस्त, आणि फाइल बंद केली की अनडूही गेलं.

आता डाग आणि ओरखडे. वर एक नवीन रिकामा लेअर घ्या. फोटोशॉप आणि फोटोपीत स्पॉट हीलिंग ब्रश घेऊन वरच्या पट्टीत "सँपल ऑल लेयर्स" चालू करा आणि डागावर फक्त क्लिक करत जा. गिम्पच्या हीलिंगला आधी कंट्रोल दाबून जवळच्या चांगल्या जागी क्लिक करावं लागतं, मग डागावर. नवखा माणूस ते पहिलं क्लिक विसरतो, काहीच होत नाही आणि तो सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. "सँपल मर्ज्ड"वर खूण करायलाही विसरू नका, नाहीतर रिकाम्या लेअरवरून उचलायला काही सापडत नाही. पेंट डॉट नेटमध्ये मूळचं हीलिंग नाही, जवळचा भाग उचलून डागावर छापणाऱ्या क्लोन स्टॅम्पवर भागवावं लागतं. स्नॅपसीडमध्ये "हीलिंग" घेऊन बोटानं डाग पुसायचा. छोट्या ठिपक्यांना झकास, चेहऱ्यावरून गेलेल्या घडीला नाही.

ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा ठेवा. चेहऱ्यावर आधी डोळे आणि ओठांच्या कडा टाळून बाकीचं उरका. आणि सगळे डाग काढायचा हट्ट नको, थोडं जुनेपण राहू द्या.

तिसरं काम: मराठी मजकुराचं निमंत्रण

समजा गावच्या वाचनालयात 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम आहे. वक्त्यांचा फोटो मागच्या भिंतीपासून सोडवायचा, रंगीत पार्श्वभूमीवर ठेवायचा आणि बाजूला मजकूर लिहायचा. फोटो कापणं आणि देवनागरी, दोन्ही इथे एकदम येतात, म्हणून हे काम सगळ्यात महत्त्वाचं.

कापताना इरेझर वापरू नका. मास्क वापरा. मास्क रांगोळीच्या छाप्यासारखा असतो: जिथे तो पांढरा तिथून चित्र दिसतं, जिथे काळा तिथे झाकलं जातं, पण चित्र खाली शाबूत राहतं. चुकून कान कापला गेला तर पांढऱ्या ब्रशनं परत आणायचा.

फोटोशॉपमध्ये "सिलेक्ट सब्जेक्ट" दाबलं की माणूस बऱ्यापैकी अचूक निवडला जातो. मग लेअर पॅनेलखालचं मास्कचं बटण. गिम्पमध्ये फ्री सिलेक्टनं कडेकडेनं बिंदू देत जा, "सिलेक्ट" मेनूतून दोन-तीन पिक्सेलचं "फेदर" द्या म्हणजे कड कात्रीनं कापल्यासारखी दिसणार नाही, मग लेअरवर उजवं क्लिक करून "अ‍ॅड लेयर मास्क" आणि तिथे "सिलेक्शन" निवडा. पुढचं सगळीकडे सारखं. मास्कवर क्लिक करा, ब्रश घ्या, काळा-पांढरा अदलाबदल करायला एक्स दाबत राहा. लेअर पॅनेलमध्ये चौकट फोटोभोवती आहे की मास्कभोवती, हे दर वेळी बघा. फोटोवर असेल तर वक्त्यांच्या गालावर काळा पट्टा उमटतो.

केस मोकळे असतील तर गिम्पमध्ये तासभर जाईल हे धरून चाला. या एका बाबतीत फोटोशॉप खरोखर पुढे आहे. कॅनव्हामध्ये पार्श्वभूमी एका क्लिकमध्ये जाते, पण ती सोय पैसे भरणाऱ्यांना. पेंट डॉट नेटमध्ये मूळचा लेअर मास्कच नाही, त्यामुळे या कामाला तो उपयोगाचा नाही.

आता अक्षरं. मराठी माणसानं सॉफ्टवेअर घेण्याआधी ही चाचणी केलीच पाहिजे. टेक्स्टचं हत्यार घेऊन लिहा: "दऱ्याखोऱ्यांतल्या विठ्ठलाचं आश्चर्य, ज्ञानेश्वरांची ओवी". मग नीट बघा. ऱ्या मधला र आडव्या कोयरीसारखा येतो का, विठ्ठलमधली पहिली वेलांटी व च्या आधी बसली का, ठ्ठ जुळलं का, आश्चर्यचा रफार य च्या डोक्यावर आहे का. पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी दिसली तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही. बाकी काही कितीही छान असलं तरी निमंत्रण तिथे करू नका. अ‍ॅफिनिटीच्या जुन्या आवृत्त्या याच जागी नापास व्हायच्या, म्हणून नवी घेतलीत तरी आधी हे वाक्य लिहून बघा. गिम्पमध्ये देवनागरी नीट जुळते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत "प्रेफरन्सेस"मध्ये "टाइप"खाली साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागतं आणि मग नवीन फाइल घ्यावी लागते. अलीकडच्या आवृत्त्यांत बहुधा काही करावं लागत नाही.

फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच ठरलेल्या पद्धतीचे. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचे "मुक्त" आणि "बलू" हे फॉन्ट फुकट मिळतात. पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. गिम्पच्या टेक्स्ट पर्यायांत भाषा मराठी ठेवली की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, आपले ल आणि श मिळतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते रुबाबदार दिसतं, मराठीत शिरोरेखा तुटते.

छापखान्यातून मजकूर आला आणि तो चित्रविचित्र खुणांसारखा दिसला तर तो बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. दुरुस्त करत बसू नका, पुन्हा टाइप करा. उलट दिशेनं, छापखान्याला फाइल देताना मजकूर चित्रात मिसळून किंवा पीडीएफ करून द्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो, आणि मग वक्त्यांचं नाव भलत्याच वळणात छापून येतं. पेंट डॉट नेट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की तिथे मजकूर लिहून बाहेर क्लिक केलं की तो तिथेच गोठतो. तारीख बदलली की पुसून पुन्हा लिहायचं.

वही उघडा

तीनही कामं झाली की आठवडाभर काही करू नका. मग तीच कामं, वही न बघता, पुन्हा करा. पहिल्यांदा अडलात तिथे आता सहज पुढे गेलात, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या डोक्यात बसतंय. पुन्हा तिथेच अडलात आणि पुन्हा तोच व्हिडिओ शोधावा लागला, तर त्याची मांडणी तुम्हाला मानवत नाही. जगानं कितीही सोपं म्हटलं तरी.

माझं मत विचाराल तर शिकणाऱ्यानं सुरुवात फोटोपीपासून करावी. इन्स्टॉल करायला नको, पैसे नकोत, आणि तिथे शिकलेले बहुतेक शॉर्टकट उद्या फोटोशॉपमध्ये चालतात. एकच धोका: टॅब बंद केला की काम गेलं. दर थोड्या वेळानं कंट्रोल आणि एस दाबून पीएसडी, म्हणजे लेअर शाबूत ठेवणारी फोटोशॉपची फाइल, उतरवून घ्यायची.

रोजचं, लांब पल्ल्याचं आणि फुकट हवं असेल तर गिम्प. पहिला आठवडा कंटाळवाणा जाईल. फोटोशॉपची सवय असलेल्यांसाठी फोटोगिम्प नावाची जोड मिळते, ती मांडणी आणि शॉर्टकट फोटोशॉपसारखे करते. मात्र अगदी नव्या माणसानं ती घेऊ नये, कारण मग गिम्पचे व्हिडिओ बघताना बटणं भलतीकडे सापडतात.

फोटोशॉपला पैसे तेव्हाच भरा जेव्हा केस कापण्यासारखी कामं आठवड्याला येतात किंवा समोरचा ग्राहक पीएसडी मागतो. घेताना योजना नीट वाचा. वर्षाचा करार पण पैसे दरमहा, अशी एक योजना असते. ती मध्येच सोडली तर दंड लागतो.

फक्त सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाच करायच्या असतील तर कॅनव्हा पुरतं, यात कमीपणा काही नाही. अर्जांपुरतं काम असेल तर पेंट डॉट नेट.

निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर मूळ फाइल पीएसडीमध्येही एकदा काढून ठेवा. ती फोटोपी, गिम्प, क्रिता, अ‍ॅफिनिटी सगळीकडे उघडते, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी लेअर हातात राहतात. मजकूर मात्र या प्रवासात अनेकदा चित्र होऊन येतो. म्हणून निमंत्रणाचा मजकूर नोटपॅडमध्ये वेगळा ठेवा, आणि फॉन्टचं नाव त्याच फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.